सहाजणांत तापास: मधल्या ताटाचं खाणं कसं जमवायचं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी पंचवीस वर्षं काम करतोय. २०१४ साली नवीन ग्राइंडिंग मशीन घेतलं तेव्हा ट्रेनिंगसाठी मला सात आठवडे स्पेनला पाठवलं होतं. गाव एलगोइबार. बिल्बाओ आणि सान सेबास्तियान यांच्या मधे, डोंगरांच्या बेचक्यात, देबा नदीच्या काठावर. आपल्या उद्यमबागेसारखंच मशीनवाल्यांचं गाव. पाऊसही आपल्यासारखाच. दिवस दिवस बारीक झिमझिम लागून राहायची, तिला तिथली माणसं ‘सिरिमिरी’ म्हणतात. तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला श्रावणातली टिळकवाडी आठवली होती.

शिफ्ट सुटली की तिथले पाच-सहा कामगार मिळून निघायचे. एका बारमध्ये एक छोटा ग्लास आणि एक-दोन घास, की पुढच्या बारमध्ये. काउंटरवर पावाच्या चकत्या मांडलेल्या, वर मासा नाहीतर मिरची नाहीतर चीज, आणि सगळ्याला मिळून एक काडी खोचलेली. याला बास्क मुलखात, म्हणजे स्पेनच्या त्या उत्तरेकडच्या भागात, पिंचो म्हणतात. काड्या आपल्या प्लेटीत ठेवायच्या, शेवटी त्या मोजून बिल व्हायचं. बाकीच्या स्पेनमध्ये अशा छोट्या खाण्याला तापा म्हणतात, अनेक झाले की तापास. ‘तापार’ म्हणजे झाकणं. ग्लासात माशी पडू नये म्हणून वर पावाचा नाहीतर मांसाचा तुकडा ठेवायचे, त्यावरून हे नाव आलं अशी गोष्ट तिथं सांगतात.

आता तापास मिळणारी रेस्टॉरंटं गोव्यात आहेत, पुण्यात आहेत, बेंगळुरूला आहेत. आपल्या बेळगावचे लोक गोव्याला जाऊन-येऊन असतात, तिथं कुणीतरी अशा ठिकाणी नेतं. परत आल्यावर मला सांगतात, “प्लेटा एवढ्याशा, पैसे एवढे, आणि कुणाचं पोट भरलं नाही.” मला याचं वाईट वाटतं. खाणं चांगलं असतं, मागवण्याची पद्धत वेगळी असते, आणि ती कुणी सांगत नाही. ती इथं सांगतो.

आधी माझी चूक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून शिकलोय. एका लग्नासाठी आम्ही सहाजण बेंगळुरूला गेलो होतो. मी, माझी बायको, खानापूरचा मित्र, कॅम्पातला मित्र, आणि निपाणीचा मित्र व त्याची बायको. रात्री नऊला तापास खायला गेलो. मला सगळं माहीत आहे या भरात मी एकट्यानं ऑर्डर दिली, एकदम चौदा प्लेटा. टेबल लहान. दहा-पंधरा मिनिटांत सगळं येऊन पडलं, ग्लास ठेवायला जागा उरली नाही, तळलेलं गार झालं. ते एक असो. पण निपाणीचा माझा मित्र दिगंबर जैन आहे. तो कांदा, लसूण, बटाटा खात नाही, सूर्यास्तानंतर जेवत नाही. नवरा-बायको दोघं समोर पाण्याचे ग्लास घेऊन बसले होते. “तुम्ही खावा की, आमचं सहालाच झालंय,” असं तो दोनदा म्हणाला. दोन तास ती दोघं आमच्याकडं बघत बसली. कॅम्पातला मित्र मुसलमान, त्यानं चौदातल्या आठ प्लेटांना हात लावला नाही, कारण कशात डुकराचं मांस आहे आणि कशात नाही हे मी विचारलंच नव्हतं. जे खाणं सगळ्यांच्या मधे ठेवायचं असतं ते मी तिघांच्या मधे ठेवलं होतं. मला ते अजून टोचतं.

म्हणून पहिली गोष्ट: ज्याचं खाणं सगळ्यात अडचणीचं, त्याच्यापासून बेत सुरू करा. ठिकाण, वेळ, ऑर्डर, सगळं त्याच्यापासून.

वेळ दुपारची धरा

तापास रात्रीच खायचे असतात असा आपल्याकडं समज आहे. स्पेनमध्ये रात्रीचं जेवणच नऊ-दहाला होतं, त्याच्या आधी हे खाणं चालतं, हे खरं. पण रविवारी दुपारी जेवणाआधीही माणसं घोळक्यानं बाहेर पडतात. त्या वेळेला तिथं ‘व्हर्मुतची वेळ’ म्हणतात, व्हर्मुत नावाच्या वाइनवरून. बारा-एकच्या सुमाराला उन्हात उभं राहून ऑलिव्ह, चिप्स, एखादी तळलेली प्लेट. आजी-आजोबा, पोरंबाळं सगळी असतात. दुसऱ्यांदा बेत करताना मला हे आठवलं आणि अडचण सुटली. दुपारी गेलं तर निपाणीचा मित्र आमच्याबरोबर जेवू शकतो.

दुसरा फायदा घाटाचा. आम्ही पणजीला चोर्ला घाटातून जातो. सकाळी सातला निघायचं, जांबोटीवरून कणकुंबीला चहा, मग घाट उतरून साखळी, आणि अकराच्या आसपास पणजी. रस्ता बरा असेल तर तीन-साडेतीन तास. दुपारी खाऊन साडेतीनला निघालं की उजेडात घाट चढून येता येतो. पावसाळ्यात तिथं धुकं असं उतरतं की पुढची गाडी दिसत नाही. रात्री पिऊन-खाऊन त्या रस्त्यानं कुणी यावं असं मला वाटत नाही. कोण गाडी चालवणार हे बेळगावातच ठरवा, आणि त्यानं एक थेंबही घ्यायचा नाही. कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण घाटाला ती मर्यादा लावू नका. चालवणाऱ्याची मर्यादा शून्य.

दोन दिवस आधी फोन करा. अशी बरीच रेस्टॉरंटं फक्त संध्याकाळी उघडतात, म्हणून दुपारी किचन चालू असतं का ते विचारा. मग टेबल. लांबट टेबल नको. सहाजणांना लांब टेबलावर बसवलं की मधली प्लेट कडेच्या माणसाला पोचत नाही, आणि मग एक मेजवानी दोन तुकड्यांत मोडते. गोल टेबल असेल तर उत्तम, नाहीतर चौकोनी. तिसरी गोष्ट, लसूण न घालता काय करून देता येईल ते फोनवरच विचारा. जागेवर विचारलं तर वेटर नाही म्हणतो, कारण वाटण सकाळीच झालेलं असतं. आदल्या दिवशी सांगितलं तर आचारी थोडं बाजूला काढून ठेवतो. गोव्यात फोनवर मराठीत बोला, अडत नाही.

पैसे आधी एका हातात

एलगोइबारमध्ये पहिल्याच संध्याकाळी मी पाकीट काढलं, तर एका वयस्क मशिनिस्टनं माझा हात धरून खाली केला. प्रत्येकानं दहा-दहा युरो काढून एकाच्या हातात दिले, त्यात माझेही घेतले. याला तिथं ‘बोते’ म्हणतात. मग सगळ्या बारमध्ये तो एकटाच पैसे देत होता. कुणी किती घास खाल्ले याचा हिशेब नाही. संपले की परत पाच-पाच काढायचे.

आपल्याकडं कॉन्ट्री काढतात ती खाऊन झाल्यावर. तापासला ती आधी काढावी. कारण या खाण्यात कुणाचं ताट कुणाचं हेच नसतं, त्यामुळं शेवटी “मी तर कोळंबी खाल्लीच नाही” असं मनात येतं, आणि मनात आलेलं तोंडावर दिसतं. आम्ही माणशी २,००० रुपये आधीच माझ्या बायकोकडं पाठवतो, ती खजिनदार. पण एक बदल आम्ही केलाय. दारूचं बोते वेगळं. आमच्यातले दोघंच पितात, त्यांनी त्यांचं वेगळं काढायचं. न पिणाऱ्याच्या पैशातून सांग्रियाचा, म्हणजे फळं घातलेल्या वाइनचा, जग येणं बरोबर नाही. निपाणीची दोघं कमी पदार्थ खातात म्हणून त्यांच्याकडून आम्ही हजारच घेतो. त्यानं पहिल्यांदा नको म्हटलं, पण माझ्या बायकोनं ऐकलं नाही.

मेन्यू वाचताना

नावं बघून दबून जाऊ नका. उच्चाराच्या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की निम्मं काम झालं. इंग्रजी ‘जे’ अक्षर दिसलं की स्पॅनिशमध्ये तो ‘ख’ असतो, आणि दोन ‘एल’ जोडून आले की ‘य’. म्हणून खामोन, आखियो, तोर्तिया. ‘पाताता’ म्हणजे बटाटाच. आपला ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पाताता त्याचा सख्खा भाऊ. ‘तापा’ ही सगळ्यात छोटी प्लेट, ‘रासिओन’ म्हणजे भरलेली मोठी प्लेट, ‘मेदिया रासिओन’ अर्धी. काही ठिकाणी मेन्यूवर तिन्हींचे दर वेगळे असतात. सहाजणांना आवडीचा पदार्थ रासिओन घ्यावा, नुसता चाखून बघायचा तो तापा.

आणि प्रत्येक तळलेल्या पदार्थाला विचारा: किती नग येतात? क्रोकेतास चार येतात आणि आपण सहाजण असतो. असं झालं की चारजण खातात आणि दोघं “नको, नको” म्हणतात. आधी विचारलं तर सहा करून देतात, दोन नगांचे जास्त पैसे लावतात, एवढंच.

आता सापळे सांगतो. शाकाहारी माणसाबरोबर जाणाऱ्यानं हे नीट वाचावं.

ऑलिव्ह शाकाहारी वाटतात, पण स्पेनमध्ये अँकोव्ही नावाचा मासा भरलेले ऑलिव्ह फार आवडीनं खातात. बी असलेले अख्खे ऑलिव्ह मागा. क्रोकेतास म्हणजे दाट पांढऱ्या सॉसचे तळलेले गोळे, मेन्यूवर नुसतं तेवढंच लिहिलेलं असतं, आत बऱ्याचदा खामोनचे बारीक तुकडे असतात. खामोन म्हणजे मीठ लावून महिनोन्‌महिने सुकवलेली डुकराची मांडी. एन्सालादिया रुसा दिसायला बटाट्याचं सॅलड, आत ट्यूना मासा असतो आणि मेयोनेजमध्ये अंडं. आयोली हा लसणाचा सॉस, त्यातही आता सर्रास अंडं घालतात. तोर्तिया म्हणजे मेक्सिकोची पोळी नव्हे. स्पेनमध्ये ते अंडं-बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट आहे. त्यात कांदा घालायचा की नाही यावर तिथं लोकांचे दोन तट आहेत, एलगोइबारच्या शॉपमधल्या दोघांचं त्यावरून रोज वाजायचं. मांचेगो हे मेंढीच्या दुधाचं चीज. ते विरजायला पारंपरिक पद्धतीत कोकराच्या पोटातलं रेनेट वापरतात, म्हणून कडक शाकाहारी असलेल्यानं ते घेऊ नये, किंवा विचारून घ्यावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तळणीचं तेल. ज्या तेलात कालामारेस म्हणजे माकुळाची कडी तळतात त्यातच भाज्या तळत असतील, तर निपाणीच्या वहिनींना ते चालणार नाही. हे विचारायला लाजू नका.

मुसलमान मित्र बरोबर असेल तर डुकराच्या मांसाशिवाय आणखी एक विचारा: सॉसमध्ये वाइन आहे का? मशरूमला शेरी नावाची वाइन घालतात. मग आल्बोंदिगास, म्हणजे मांसाचे कोफ्ते. ते कशाचे आहेत आणि मांस हलाल आहे का, हे स्पष्ट विचारा. कॅम्पातला मित्र आता म्हणतो, “तू विचारतोस म्हणून मला विचारावं लागत नाही.” मला हे बरं वाटतं. पाहुण्यानं स्वतःच्या अडचणी पाच लोकांसमोर वेटरला समजावत बसू नये, ते काम नेणाऱ्याचं.

ऑर्डर तीन फेऱ्यांत

सहाजणांना बारा ते चौदा प्लेटा लागतात, म्हणजे माणशी दोन, फार तर अडीच. म्हणजे बेंगळुरूला माझा आकडा चुकला नव्हता, एकदम सांगणं चुकलं होतं. चार-पाच प्लेटांची एक फेरी करा. एक फेरी अर्धी संपत आली की दुसरी सांगा. वेटर मेन्यू उचलून न्यायला लागला तर एक ठेवून घ्या.

पहिली फेरी थंड आणि सगळ्यांना चालणारी. आमची अशी असते: अख्खे ऑलिव्ह, मीठ लावून तळलेले बदाम, पान कोन तोमाते, आणि पाद्रोनच्या मिरच्या. पान कोन तोमाते हा कातालोनियाचा पदार्थ. भाजलेल्या पावावर पिकलेला टोमॅटो घासायचा, वर ऑलिव्ह तेल आणि मीठ. काहीजण आधी लसूण घासतात, ती नको म्हणून सांगायचं. लहानपणी आई चुलीवरून उतरलेल्या भाकरीवर कच्चं शेंगतेल आणि मीठ घालून द्यायची, मला हे खाताना तीच चव लागते. मिरच्या गालिसियातल्या पाद्रोन गावच्या, छोट्या हिरव्या, तेलात परतून वर जाडं मीठ. “काही तिखट लागतात, काही लागत नाहीत” अशी त्यांच्याबद्दल तिथं म्हणच आहे. भारतात बऱ्याचदा दुसरीच मिरची देतात, तरी घ्या. आपण संकेश्वरी मिरचीवर वाढलेली माणसं, यांना काय भिणार. आणि हा पदार्थ टेबलावरच्या सहाही जणांना चालतो. पहिल्या फेरीत एकही प्लेट अशी नको की जिच्यावरून कुणाला हात मागं घ्यावा लागेल. सगळ्यांचे हात एकदा मधे आले की पुढं कुणी कमी-जास्त खाल्लं तरी चालतं.

दुसऱ्या फेरीत गरम आणि भाज्या. इथं दोन पदार्थ मी आवर्जून सांगेन. एक एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, सेव्हियाकडचा. पालक आणि काबुली हरभरे, जिरं आणि पिमेन्तोन घालून. पिमेन्तोन म्हणजे मिरचीची पूड, त्यातली व्हेरा खोऱ्यातली पूड ओकच्या धुरावर वाळवलेल्या मिरच्यांची. रंग आपल्या ब्याडगीसारखा गडद, तिखटपणा बेताचा, आणि धुराचा वास. फोनवर आधी सांगितलं असेल तर हा पदार्थ लसणाशिवाय करून मिळतो. निपाणीच्या मित्रानं पहिल्या घासाला विचारलं, “हे त्यांचं आहे की आपलं?”

दुसरा बेरेनखेनास कोन मिएल. वांग्याचे पातळ काप तळून त्यावर ‘मिएल’ ओततात. मिएल म्हणजे मध, पण आंदालुसियात या पदार्थावर घालतात तो मधमाशीचा मध नव्हे, उसाचा. म्हणजे आपली काकवी. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. गुऱ्हाळावर काकवीत भाकरी बुडवून खाल्लेली आपण माणसं, आणि तिकडं स्पेनच्या दक्षिण टोकाला कुणी खारट वांग्यावर काकवी घालतं. गोव्यात एका ठिकाणी मध घालून दिलं, ती चव वेगळी. विचारा, आणि काकवी नसेल तर पुढच्या वेळेला बाटली बेळगावहून घेऊन जा. आम्ही नेली होती. आचारी स्वतः बाहेर येऊन चाखून गेला. जैन मंडळी वांगं खात नाहीत, म्हणून ही प्लेट त्यांच्यासमोर न ठेवता पलीकडं ठेवायची, एवढं सांभाळा.

पाताताज ब्रावास म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या फोडी आणि वर तिखट सॉस. हे सगळीकडं मिळतं आणि पोट भरतं, म्हणून ते पहिल्या फेरीत मागवू नका. बटाट्यानं पोट भरलं की पुढचं काही खाववत नाही. क्रोकेतास आले की लगेच तोंडात टाकू नका, बाहेरून कोमट वाटतात आणि आतला सॉस उकळता असतो. मधे मोडून मिनिटभर थांबा.

तिसरी फेरी मासे आणि मांस. गांबास आल आखियो म्हणजे कोळंबी, मातीच्या छोट्या भांड्यात, लसूण आणि सुक्या मिरचीबरोबर तेलात खदखदत येते. कोळंबी संपली तरी भांडं परत देऊ नका. खरं खाणं त्या तेलात आहे. आधीच जादा पाव मागवून ठेवा आणि बुडवून खा. खानापूरचा मित्र पहिल्यांदा म्हणाला, “एवढं तेल?” आणि मग त्यानंच दोनदा पाव मागवला. चोरिसो, म्हणजे मांसाचं सॉसेज, मागवताना लक्षात ठेवा, गोव्याची चोरिस आणि हा वेगळा. गोव्याच्या चोरिशीत व्हिनेगर आणि तिखटाचा मारा असतो, स्पेनच्या चोरिसोत पिमेन्तोनचा धूर. दोन्ही डुकराचेच. पाएया हा भाताचा पदार्थ वालेन्सियाचा, तो तापास नव्हे. मागवायचाच असेल तर दुसऱ्या फेरीबरोबर सांगा, ताजा करायला अर्धा तास सहज लागतो.

पिण्याबद्दल फार सांगत नाही. न पिणाऱ्यांसाठी स्पेनच्या बारमध्ये ‘मोस्तो’ मिळतो, म्हणजे द्राक्षाचा रस, आणि त्याला कुणी कमी समजत नाही. आपल्याकडं लिंबू सोडा नाहीतर द्राक्षाचा रस मागा, पण मागा त्याच काचेच्या ग्लासात. ग्लास सगळ्यांचे सारखे असले की बरं दिसतं.

उष्ट्याचं काय

हा प्रश्न आपल्यात मोठा आहे आणि मोकळेपणानं बोललं पाहिजे. आपण पानावर वाढून घेऊन जेवणारी माणसं. एलगोइबारला पहिल्या दिवशी मधे तोर्तियाची प्लेट आली, सगळ्यांनी आपापले काटे थेट त्यात घातले आणि माझा हात थांबला. लहानपणापासून आजीचं ऐकलेलं, “उष्टं करू नको.” त्या वयस्क मशिनिस्टच्या लक्षात आलं असावं. तो काही बोलला नाही, माझ्या बाजूचा तुकडा कापून त्यानं काट्यानं माझ्याकडं सरकवला. मग मी नीट बघितलं. प्रत्येकजण आपल्या बाजूच्या कडेनंच खात होता. पलीकडचा चांगला तुकडा कुणी ओढून घेत नव्हतं, उचकत नव्हतं, एकदा काटा लावलेलं परत ठेवत नव्हतं. त्यांच्यातही रीत आहे, ती आपल्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे.

तरी आपल्या माणसांबरोबर मी ती जशीच्या तशी चालवत नाही. बसल्याबरोबर प्रत्येकाला एक रिकामी प्लेट आणि मधल्या प्रत्येक प्लेटीला एक वेगळा चमचा मागून घेतो. शाकाहारी प्लेटांचे चमचे शाकाहारी प्लेटांतच. बसतानाही निपाणीची दोघं एका बाजूला शेजारी-शेजारी, त्यांच्या पुढं त्यांना चालणाऱ्या प्लेटा, आणि मासे-मांस समोरच्या कडेला. त्यांच्यावरून कोळंबीचं भांडं पास करायचं नाही. वेटर प्लेट घेऊन आला की त्याला आधी विचारा काय आहे, मग टेबलावर ठेवू द्या. तिथं ऑर्डर देताना एक शब्द वापरतात, ‘पारा एल सेंत्रो’, म्हणजे मधे ठेवायला. आमच्या टेबलाला दोन सेंत्रो असतात, आणि पाव-टोमॅटोची प्लेट त्या दोन्हींच्या मधे.

शेवटच्या तुकड्याला स्पेनमध्ये ‘लाजेचा’ म्हणतात, कारण तो घ्यायला कुणी पुढं होत नाही. आपल्याकडं तर आग्रहाची झुंबड उडते, “तू घे की,” “नको रे, तूच घे,” आणि तोवर तो गार होतो. आम्ही ठरवून टाकलंय, शेवटचा तुकडा गाडी चालवणाऱ्याचा. त्याला चालणारा नसेल तर त्याच्या डाव्या हाताला बसलेल्याचा.

गोड म्हणून चुर्रोस घ्या. पारंपरिक चुर्रोसच्या पिठात अंडं नसतं, मैदा, पाणी आणि मीठ, तळून दाट चॉकलेटात बुडवायचे. पण सगळीकडं तसं करतात असं नाही, आणि तेलाचाही प्रश्न असतोच, म्हणून पुन्हा विचारा.

बिल

‘ला कुएन्ता’ म्हणजे बिल. नग आणि प्लेटा मोजून बघा, तीन फेऱ्यांत एखादी प्लेट जास्त लागते. खाण्यावर जीएसटी साधारण ५ टक्के असतो, अडीच-अडीच असे दोन भाग दिसतात. मोठ्या हॉटेलच्या आतलं रेस्टॉरंट असेल तर १८ टक्के असू शकतो. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा कर वेगळा येतो, म्हणून दोन बोत्यांसाठी दोन बिलं मागितलेली सोपी. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसं सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलंय. लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा. पण ज्या पोरानं तुमच्या तेलाबद्दलच्या आणि लसणाबद्दलच्या वीस प्रश्नांना किचनमध्ये जाऊन उत्तरं आणून दिली, त्याच्या हातात बोत्यातले पैसे ठेवल्याशिवाय उठू नका.

साडेतीनला निघायचं म्हणालो ते अजून एका कारणासाठी. डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. निपाणीच्या दोघांनी दुपारी खाल्लेलं असतं, तरी त्यांना दिवस मावळायच्या आत आणखी एकदा काहीतरी घ्यावं लागतं, नाहीतर थेट दुसऱ्या दिवशी सकाळ. घाट चढून वर आलो की कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं आम्ही गाडी बाजूला घेतो. गेल्या वेळेला साडेपाच झाले होते, ऊन उतरलेलं. वहिनींनी डबा काढून बॉनेटवर उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुगाची उसळ, चार केळी. दुपारी तेरा प्लेटा खाल्लेली आम्ही चौघं त्या डब्याभोवती कधी गोळा झालो ते कळलं नाही. खानापूरच्यानं दशमीचा तुकडा मोडला, आपल्या बाजूनं. वहिनी म्हणाल्या, “घ्या की भावजी, खूप आहे,” पण खूप नव्हतं, दोघांपुरतंच होतं. तेव्हा असा बेत कराल तर डबा सहाजणांचा घ्यायला सांगा.